बनगाव, १९७१ : जुलाब चालूच राहिले, तरी रुग्ण वाचले

जुलाब लागलेल्या माणसाला पाणी पाजावे की नाही, हा प्रश्न आजही घराघरांत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा तर्क वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. घोटभर पाणी पोटात गेले की थोड्याच वेळात पुन्हा शौचाला पळावे लागते; म्हणजे प्यायलेलेच पाणी खालून निघून जात आहे, तेव्हा पोटाला जरा विश्रांती द्यावी, असे घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटीच सांगतात. तान्ह्या मुलाचे दूधसुद्धा याच समजुतीने तोडले जाते. या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. परंतु १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगाव या सरहद्दीलगतच्या गावी ते ज्या परिस्थितीत कसाला लागले, ती परिस्थिती समजून घेतली तर उत्तरामागचे कारणही पक्के लक्षात राहते.

परिस्थिती

मार्च १९७१ नंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून निघालेल्या लोकांचे लोंढे भारतात येऊ लागले आणि वर्ष संपेपर्यंत त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. जशोरकडून कोलकात्याकडे येणाऱ्या रस्त्यावर बनगाव हे सरहद्द ओलांडल्यावरचे पहिले मोठे ठिकाण. उपाशीपोटी चालून थकलेली माणसे, पिण्याच्या पाण्याचा पत्ता नाही, शौचाची सोय नाही आणि वर पावसाळा. अशा ठिकाणी पटकी, म्हणजे कॉलरा, पसरायला आणखी काही लागत नाही.

कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एक वैद्यकीय संशोधन केंद्र होते आणि तिथे डॉ. दिलीप महालनबीस पटकीवर काम करत होते. ते मुळात बालरोगतज्ज्ञ. १९३४ साली त्यांचा जन्म झाला तो किशोरगंज इथे, म्हणजे निर्वासित ज्या भूमीतून येत होते त्याच भूमीत. जूनच्या अखेरीस ते आपली छोटी तुकडी घेऊन बनगावच्या सरकारी रुग्णालयात पोहोचले, तेव्हा पटकीच्या रुग्णांसाठीच्या दोन खोल्या खचाखच भरलेल्या होत्या आणि माणसे जमिनीवर पडलेली होती. शिरेत सुई घालायची तर त्या उलटी-जुलाबांच्या थारोळ्यातच गुडघे टेकावे लागत, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्यांना कळून चुकले की ही लढाई हातची जात आहे. सलाईन पुरेसे नव्हते आणि त्यांच्या तुकडीत ते लावण्याचे शिक्षण घेतलेली माणसे फक्त दोन होती.

सलाईन पुरणार नाही याचा साधा हिशेब मांडून पाहावा. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून त्याच्या वजनाच्या दहा टक्के इतके पाणी गेले, म्हणजे सहा लिटर गेले. ते भरून काढायला अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या लागतात, आणि हा केवळ मागचा तोटा झाला. तीव्र पटकीत जुलाब तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून पुढची गळती चालू असेपर्यंत बाटल्याही चालूच ठेवाव्या लागतात. एका रुग्णाचे हे असे, तर खोल्यांत आणि खोल्यांबाहेर पडलेल्या सगळ्यांचे किती? ट्रकभर सलाईन आले असते तरी ते टोचायला हात कुठून आणायचे, हा प्रश्न उरतच होता.

आतड्यात काय बिघडते आणि काय शाबूत राहते

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून आतड्याचे काम पाहिले पाहिजे. निरोगी माणूस दिवसभरात अन्नपाण्यातून साधारण दोन लिटर द्रव घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा पाझर मिळून आणखी सहा-सात लिटरांची भर पडते. या आठ-नऊ लिटरांपैकी शौचावाटे बाहेर जाते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकीचे सगळे आतडे परत शोषून रक्तात घेते. म्हणजे जुलाब नसलेल्या दिवशीही आपल्या पोटात पाण्याची मोठी देवघेव चालू असते, ती आपल्याला जाणवत नाही इतकेच. पाझर आणि शोषण ही दोन कामे वेगवेगळी आहेत. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक रसांकुर असतात, त्यांच्यावरच्या पेशी मुख्यतः शोषून घेतात. त्यांच्या बुडाशी असलेल्या खोलगट खाचांमधल्या पेशी मुख्यतः पाझर सोडतात.

पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही आणि अस्तर कुरतडतही नाही. तो आतड्यात राहून एक विष सोडतो. हे विष कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सशाच्या दोन्हीकडून बांधलेल्या आतड्याच्या तुकड्यात सोडला, तेव्हा जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. पाझर सोडणाऱ्या पेशींतला रासायनिक खटका या विषामुळे ‘चालू’ स्थितीत अडकून बसतो. पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात, त्याच्यामागून सोडियम जाते आणि दोघांच्यामागून पाणी जाते. मल तांदळाच्या धुवणासारखा दिसू लागतो. त्याच वेळी नुसत्या मिठाच्या शोषणाचा नेहमीचा एक मार्गही मंदावतो, म्हणून अशा रुग्णाला केवळ मिठाचे पाणी पाजून फारसे काही साधत नाही.

मात्र एक दार या विषाला बंद करता येत नाही. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग इथल्या परिषदेत असे मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, ते सोडियमबरोबर एकाच वाहकातून आत येते. पुढे हेही स्पष्ट झाले की ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात. मीठ आणि साखर आत गेली की तिथली तीव्रता वाढते आणि ती समतोल करण्यासाठी पाणी आपोआप ओढले जाते. पटकीत पाझराची तोटी अडकलेली असली तरी शोषणाचे हे दार धडधाकट राहते. त्यामुळे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली तर गळतीपेक्षा भर जास्त होऊ शकते.

पोटाला विश्रांती द्यावी हा सल्ला नेमका इथे चुकतो. तोंड बंद ठेवले म्हणून पाझर थांबत नाही. प्यायलेले पाणी जुलाबांचे मूळ कारणच नाही. रुग्णाने थेंबही घेतला नाही तरी त्याच्या रक्तातले पाणी आतड्यात उतरतच राहते.

निर्णय

ही माहिती १९७१ पूर्वीच हाती होती. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या प्रौढ रुग्णांना तोंडाने असे मिश्रण देऊन सलाईनची गरज पुष्कळ कमी होते हे सिद्ध केले होते, आणि कोलकात्यातही त्या दिशेने काम झाले होते. परंतु ते सारे रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली, प्रत्येक रुग्णाचे आत-बाहेर मोजत केलेले प्रयोग होते. हजारो निर्वासितांच्या गर्दीत, निरक्षर नातेवाइकांच्या हातून हे करता येईल, असे वैद्यकीय जगात फारसे कोणी मानत नव्हते. महालनबीसांनी तोच मार्ग धरला, कारण दुसरा मार्ग त्यांच्यापुढे उरला नव्हता. शिरेतून द्यायचे सलाईन अगदी अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी राखून ठेवायचे, आणि ज्याला गिळता येते त्या प्रत्येकाला तोंडाने मिश्रण द्यायचे, असे ठरले.

मिश्रण शक्य तितके साधे ठेवले होते. एक लिटर पाण्याला बाजारात मिळणारे ग्लुकोज २२ ग्रॅम, स्वयंपाकाचे मीठ ३.५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. सोडा कशासाठी, तर जुलाबांवाटे शरीरातला अल्कधर्मी भाग निघून जातो, रक्तातली आम्लता वाढते, आणि तिच्यामुळेही रुग्णाला उलट्या होत राहतात, म्हणून. पोटॅशियम त्यात नव्हते. ते असायला हवे होते हे तुकडीला ठाऊक होते, पण जिन्नस जितके कमी तितकी गफलत कमी, हा विचार त्या घडीला अधिक महत्त्वाचा ठरला आणि माझ्या मते तो योग्यच होता.

पूड कोलकात्यात तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली जाई आणि पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली जात. बनगावात ती तोटी असलेल्या पिंपांत पाण्याबरोबर कालवायची आणि नातेवाइकांनी वाटी-पेला घेऊन यायचे, भरून न्यायचे, रुग्णाच्या तोंडाला लावायचे. एका लिटरला लागणाऱ्या जिनसांचा खर्च अकरा पैसे. कर्मचाऱ्यांना सलाईन म्हणजे सुई आणि बाटली एवढेच माहीत होते, त्यामुळे पिंपातल्या पाण्यावर त्यांचाही विश्वास बसत नव्हता. म्हणून त्याला ‘तोंडाने द्यायचे सलाईन’ असेच म्हटले जाऊ लागले. मिश्रण कसे करायचे हे सांगणारी पत्रके सरहद्दीवर वाटली गेली आणि बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती माहिती सांगितली गेली.

जवळून पाहिले तर उपचाराचे स्वरूप असे होते : डोळे खोल गेलेला, आवाज घोगरा झालेला माणूस पडलेला आहे. त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सपाट होत नाही, वळी तशीच उभी राहते. उशाशी बसलेली त्याची आई किंवा बायको पेल्यातून घोट देत आहे. त्याला उलटी होते, ती थोडी थांबते आणि पुन्हा घोट देते, कारण उलटीत सगळेच जात नाही, काही भाग आत राहतोच. काही तासांनी चिमटीतली कातडी झटकन जागेवर जाऊ लागते, लघवी होते, आणि माणूस स्वतःहून पेला मागतो. तहान हाच प्रमाणाचा मापदंड होता. कातडी सैल आणि तोंड कोरडे तोवर माणूस पीतच राहतो आणि भरपाई झाली की आपोआप नको म्हणतो.

निष्पत्ती, आणि तिच्याकडे कसे पाहावे

पुढच्या सुमारे दोन महिन्यांत तिथे ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. त्याआधी केवळ शिरेतल्या सलाईनवर भिस्त असताना ते ३० टक्क्यांच्या आसपास होते.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप घेता येतो. ही तुलना आधी आणि नंतरची आहे. अर्ध्या रुग्णांना एक उपचार आणि अर्ध्यांना दुसरा, अशी काटेकोर चाचणी इथे झालेली नाही. परंतु माणसे डोळ्यांदेखत मरत असताना अर्ध्यांना पिंपापासून दूर ठेवणे कोणत्या मनाने करता आले असते? शिवाय ढाक्याच्या मोजूनमापून केलेल्या चाचणीने औषध चालते हे आधीच सांगितले होते. बनगावला उत्तर हवे होते ते वेगळ्या प्रश्नाचे : डॉक्टर-नर्सऐवजी घरच्या माणसाच्या हातून ते चालते का? ३० आणि ३.६ यांतले अंतर पाहता त्याचे उत्तर मिळाले, असे मानण्यात मला अडचण वाटत नाही. तरीही वैद्यकीय जगाची शंका लगेच फिटली नाही. महालनबीसांचा अहवाल प्रसिद्ध झाला तो १९७३ साली. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावला येऊन हे काम स्वतः पाहिले होते, आणि पुढे संघटनेत त्यांनी ते लावून धरले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने लिहिले की ग्लुकोज आणि सोडियम यांच्या जोडशोषणाचा शोध हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल.

संशयाचे मूळ माझ्या मते एकाच गोष्टीत होते, आणि घरोघरच्या संशयाचे मूळही तेच आहे. हे मिश्रण जुलाब थांबवत नाही. बनगावचे रुग्ण पेल्यामागून पेले पीत होते आणि त्यांचे जुलाबही चालूच होते. पाहणाऱ्याला वाटावे की उपचार वाया जातो आहे. पण हिशेब जुलाबांच्या संख्येचा करायचा नसतो, अंगात राहिलेल्या पाण्याचा करायचा असतो. विषाने पछाडलेल्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, कारण आतड्याचे अस्तर सतत नवे होत असते. तेवढे दिवस माणूस तगला की रोग आपला आपण ओसरतो. औषधाचे काम तेवढे दिवस तगवण्याचे आहे.

घरातल्या प्रश्नांशी या प्रकरणाचा संबंध

मराठीत या मिश्रणाला जलसंजीवनी हा सुंदर शब्द आहे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे माप पुष्कळांना तोंडपाठ असते. ग्लुकोजऐवजी साखर चालते, कारण आतड्याच्या अस्तरावरच तिचे दोन तुकडे होतात आणि त्यांतला एक ग्लुकोज असतो.

मग साखर जास्त घातली तर अधिक चांगले नाही का? इथे उलटे घडते. दाराची क्षमता ठरलेली आहे. तिच्यापेक्षा जास्त साखर आली की ती आतड्यातच पडून राहते आणि शरीरातले पाणी आपल्याकडे ओढते. बाटलीबंद शीतपेयात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नावापुरते, त्यामुळे जुलाबांत ते देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. शहाळ्याचे पाणी चांगले, त्यात पोटॅशियम भरपूर आहे, पण सोडियम कमी असल्याने मोठ्या जुलाबांत केवळ त्यावर विसंबता येत नाही. कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला देतात ती मीठ घातलेली पातळ पेज मात्र या शास्त्राशी चांगली जुळते : तांदळातला पिष्टमय भाग हळूहळू तुटून ग्लुकोज देत राहतो, एकदम साखर ओतल्यासारखे होत नाही. पुढे पटकीच्या रुग्णांवर तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी वापरून पाहिली गेली आणि ती गुणकारी ठरली.

ज्याला शुद्ध नाही, ज्याला गिळता येत नाही, ज्याची नाडी लागत नाही, त्याला पेला पुरेसा नाही. त्याला ताबडतोब शिरेतून द्रव द्यावा लागतो. बनगावातही अशांसाठीच बाटल्या राखल्या होत्या. मलात रक्त दिसले, मूल पाणी प्यायला तयार नसले किंवा सुस्त पडून राहिले, तर घरी वाट पाहू नये. मुलांना जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्ताची मात्रा देण्याची शिफारस आता केली जाते, आणि आईचे दूध चालूच ठेवायचे असते.

२००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मिश्रण बदलले. आजच्या एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोड्याऐवजी सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. द्रावण असे सौम्य केल्यावर मुलांमध्ये जुलाबांचे प्रमाण आणि उलट्या काहीशा कमी होतात आणि सलाईन लावण्याची वेळही कमी मुलांवर येते, असे दिसून आले होते. महालनबीसांचे निधन ऑक्टोबर २०२२ मध्ये कोलकात्यात झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

एक चूक मात्र अजूनही सर्रास होते, आणि ती जीवावर बेतू शकते. पुडी बहुतेकदा लिटरभर पाण्याची असते, मूल एका वेळी पेलाभरही पीत नाही, म्हणून आई अर्धी पुडी एका पेल्यात घालते आणि उरलेली दुमडून ठेवते. दोनशे मिलिलिटर पाण्यात अर्धी पुडी म्हणजे ठरल्यापेक्षा अडीचपट तीव्र द्रावण. त्यातले मीठ लहान मुलाच्या रक्तात चढले की झटके येऊ शकतात. कोलकात्याहून तोलून, तोंडे बंद करून आलेल्या पिशव्यांमुळे बनगावात पिंपाजवळच्या माणसाला फक्त पाणी मोजावे लागत होते. घरीही तसेच करावे : आधी पातेल्यात लिटरभर पाणी मोजून घ्यावे, पुडी एकदम अख्खी त्यात सोडावी, त्यातले वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजत राहावे, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून देऊन नवी पुडी फोडावी.